गरिबांच्या आरोग्य-संरक्षणाचे नूतनीकरण : व्यापारी बंधूंच्या विचारार्थ

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, विषय व्यापाराशी निगडित असावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा बाजारभाव, साठवण, कर यांपैकी एखादा विषय घ्यावा असे प्रथम मनात आले होते. परंतु त्या विषयांवर आमच्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिणारे बंधू आपल्या संघात आहेत. म्हणून आम्ही निराळाच विषय निवडला आहे. शीर्षक वाचून धान्याच्या व्यापाऱ्याचा या गोष्टीशी काय संबंध, असे कित्येकांना वाटेल. तो संबंध किती जवळचा आहे हे दाखविणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

नूतनीकरण हा शब्द व्यापाऱ्याला नवा नाही. बाजार समितीचे लायसन, गोदामाचा आगविमा, मालमोटारीचा विमा, भाडेपट्टा, बँकेची कर्जमर्यादा, या सर्वांना मुदत असते आणि मुदत संपण्याच्या आधी ती वाढवून घ्यावी लागते. विम्याची मुदत सायंकाळी संपली आणि रात्री गोदामास आग लागली, तर वीस वर्षे बिनचूक हप्ते भरले होते या गोष्टीस कवडीची किंमत उरत नाही. म्हणून आपल्या प्रत्येक पेढीवर दिवाणजी असतो, तारखांची नोंद असते, आणि अलीकडे चार्टर्ड अकौंटंटही असतो. आपण मुदत विसरलो तरी आठवण करून देणारी माणसे आपण पगार देऊन ठेवलेली असतात.

आता आपल्याच गाळ्यासमोर पोते पाठीवर घेणाऱ्या माणसाचा विचार करावा. त्याच्या घरातही एक विमा असतो. तो शासनाने दिलेला असतो, आणि रकमेच्या दृष्टीने पाहिले तर त्याच्या घरातील ती सर्वांत मोठी मालमत्ता असते. त्या विम्यालाही अटी असतात, कागद असतात, मुदती असतात. मात्र त्याच्याजवळ दिवाणजी नसतो.

शासनाच्या योजना कोणत्या आणि त्या कशा चालतात, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी केंद्र सरकारने १ एप्रिल २००८ पासून राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू केली. पाच जणांच्या कुटुंबास वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचा रुग्णालयीन खर्च मिळे. कुटुंबाने फक्त ३० रुपये नोंदणी शुल्क द्यावयाचे; विम्याच्या हप्त्याचा तीन चतुर्थांश भाग बहुतेक राज्यांत केंद्राने व उरलेला राज्याने भरावयाचा. बोटांचे ठसे घेऊन जागच्या जागी कार्ड छापून देण्याची सोय होती. कल्पना उत्तम होती. परंतु कार्डाची मुदत एकच वर्षाची असे. दरवर्षी विमा कंपनीची माणसे गावात येत, त्या दिवशी कुटुंबाने हजर राहावे लागे. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा परगावी हमालीला गेलेले कुटुंब त्या दिवशी गावात नसले, तर कार्ड हाती असूनही ते निरुपयोगी ठरे. गरिबी तीच, आजार तोच, कार्डही तेच, फक्त तारीख उलटलेली.

पुढे २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा आरंभ झाला आणि जुनी योजना तीत विलीन झाली. संरक्षणाची रक्कम कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपये झाली, नोंदणी शुल्क व वर्षाची मुदत दोन्ही गेली. आरंभी सुमारे १० कोटी ७४ लाख कुटुंबे तीत धरली होती. परंतु ही कुटुंबे २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून ठरविली होती. म्हणजे २०१८ साली कोण गरीब आहे, हे सात वर्षांपूर्वीच्या यादीवरून ठरले. मधल्या काळात ज्याचे बरे झाले तो यादीत राहिला, आणि ज्याचे दिवस फिरले तो यादीबाहेर राहिला. यावरून दिसते की, नूतनीकरण ही मुळातच वाईट गोष्ट नव्हे. जी खतावणी वर्षानुवर्षे ताळा न घेता तशीच पुढे ओढली जाते, तिच्यावर कोणता व्यापारी विश्वास ठेवील? यादी ताजी राहिलीच पाहिजे. प्रश्न एवढाच की, ती ताजी ठेवण्याचे ओझे कोणाच्या पाठीवर असावे : कचेरीच्या की हमालाच्या?

आपल्या कर्नाटक राज्यात २०१८ पासून ही योजना राज्याच्या योजनेशी जोडून चालविली जाते. येथे बी.पी.एल. शिधापत्रिका हा पात्रतेचा मुख्य आधार आहे. अशा कुटुंबास ५ लाखांपर्यंत विनामूल्य उपचार, तर इतरांना ठरलेल्या खर्चाचा ३० टक्के भाग, तोही वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत, अशी रचना केलेली आहे. तातडीचा प्रसंग सोडला, तर रुग्णाने आधी सरकारी रुग्णालयात जावे आणि तेथे सोय नसल्यास शिफारसपत्र घेऊन खाजगी रुग्णालयात जावे, असा क्रम आहे. तात्पर्य, येथे आरोग्य-कार्डाचे खरे नूतनीकरण शिधापत्रिकेच्या नूतनीकरणात दडलेले आहे. शिधापत्रिकेत नाव नाही, आधारशी जुळणी झालेली नाही, ई-केवायसी राहिली आहे, तर तांदूळ थांबतो हे लगेच कळते. रुग्णालयाचा दरवाजाही त्याच किल्लीने बंद झाला आहे, हे मात्र आजार आल्यावरच कळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यात बी.पी.एल. कार्डांची छाननी होऊन पुष्कळ कार्डे वरच्या वर्गात टाकली गेली. ओरड झाल्यावर, प्राप्तिकर भरणारे व सरकारी नोकर सोडून, इतरांची कार्डे पूर्ववत करण्याचा आदेश शासनास द्यावा लागला. त्या दिवसांत किती घरांत चिंता पसरली होती, हे आपल्या रविवार पेठेतील प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या माणसांच्या तोंडून ऐकलेच असेल.

दुसरी योजना यशस्विनी. प्रख्यात हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांच्या कल्पनेतून आणि राज्याच्या सहकार खात्याच्या आश्रयाने ती २००३ साली प्रत्यक्षात आली. सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांनी दरवर्षी माणशी ६० रुपये वर्गणी भरावी आणि शस्त्रक्रियेचा खर्च योजनेने सोसावा, असे तिचे स्वरूप होते. पहिल्या वर्षी सुमारे १६ लाख व दुसऱ्या वर्षी सुमारे २० लाख लोक तीत आले. तिसऱ्या वर्षी वर्गणी १२० रुपये झाली आणि संख्या १५ लाखांच्या आत आली. नंतर ती पुन्हा वाढत गेली हे खरे. परंतु साठ रुपयांच्या फरकाने लाखो माणसे एका वर्षात बाहेर पडली, ही गोष्ट आकडे वाचण्याची सवय असलेल्या आपणांस पुष्कळ काही सांगून जाते. २०१८ मध्ये ही योजना बंद करून नव्या योजनेत मिळविण्यात आली आणि लोकांच्या मागणीवरून जानेवारी २०२३ पासून पुन्हा चालू झाली. पुन्हा चालू करताना ग्रामीण भागात चार जणांपर्यंतच्या कुटुंबास वर्षाला ५०० रुपये व शहरी भागात १,००० रुपये अशी वर्गणी ठेवली गेली. ती ठरावीक मुदतीतच भरावी लागते. पाचशे रुपये ही रक्कम मोठी नाही, परंतु ज्या महिन्यात भरावयाची त्याच महिन्यात ती घरात असावी लागते. गाडा ओढणाऱ्याच्या घरात पैसा हंगामाने येतो, कचेरीच्या मुदतीने येत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या पेढीशी अगदी प्रत्यक्ष संबंधित आहे. कामगार राज्य विमा योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. १९४८ चा तिचा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असून, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. दहा किंवा अधिक माणसे कामास असलेल्या पेढीस ही योजना लागू होते. जुलै २०१९ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे मालकाने वेतनाच्या सव्वातीन टक्के व कामगाराने पाऊण टक्का भरावयाचा असतो. वर्षाचे दोन भाग पाडलेले आहेत. एप्रिल ते सप्टेंबर या काळातील भरण्यावर पुढील जानेवारी ते जूनमधील लाभ, आणि ऑक्टोबर ते मार्च या काळातील भरण्यावर पुढील जुलै ते डिसेंबरमधील लाभ अवलंबून असतो. आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळते. परंतु त्यासाठी त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचा भरणा झालेला असावा लागतो. येथे नूतनीकरण कामगाराच्या हातात मुळीच नसते, ते मालकाच्या हातात असते. आपण दरमहा १५ तारखेच्या आत भरणा केला, तर त्याचे संरक्षण आपोआप पुढे चालू राहते. आपण नोंदीत दिवस कमी दाखविले, तर आपणांस शेकडा सव्वातीन वाचतात आणि त्याचे सहा महिने उघडे पडतात. या हिशोबात नफा कोणाचा व तोटा कोणाचा, ते निराळे सांगावयास नको.

परंतु हमालाचा मालक कोण? तो सकाळी आमच्या गाळ्यावर, दुपारी शेजाऱ्याच्या, सायंकाळी स्टेशनवर. पोत्यामागे मजुरी घेतो, कोणाच्याच हजेरीपटावर नसतो. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. तेथे कामगाराची नोंदणी मंडळाकडे होते, व्यापारी मजुरीवर ठरलेला अधिभार मंडळात भरतो आणि त्यातून भविष्यनिधी, औषधोपचार इत्यादी सोयी होतात. कै. अण्णासाहेब पाटील यांनी त्यासाठी केलेली चळवळ सर्वश्रुत आहे. त्या कायद्यावर व्यापारी वर्गाच्या तक्रारी आहेत, त्यांत आम्हांस येथे शिरावयाचे नाही. परंतु ज्याचा मालक एक नाही, त्याची नोंद ठेवणारी जागा तरी एक असली पाहिजे, हे त्या कायद्याचे मूळ सूत्र आमच्या मते बिनतोड आहे.

हा प्रश्न केवळ आपल्या देशातील अव्यवस्थेचा आहे असेही कोणी समजू नये. आपल्यापैकी अनेकांची मुले व सुना अमेरिकेत आहेत. त्या संपन्न देशात १९६५ पासून अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी ‘मेडिकेड’ नावाची सरकारी योजना चालते आणि सर्वसाधारणपणे दर बारा महिन्यांनी तेथील लाभार्थ्याची पात्रता तपासली जाते. कोरोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये कायदा होऊन ही तपासणी थांबविण्यात आली, आणि एकदा आत असलेल्या माणसास बाहेर काढू नये असे ठरले. लाभार्थ्यांची संख्या नऊ कोटींच्या वर गेली. ३१ मार्च २०२३ रोजी ती सवलत संपली आणि तपासणीची चक्रे पुन्हा फिरू लागली. पुढील सुमारे दीड वर्षात अडीच कोटींहून अधिक लोकांची नावे कमी झाली. त्यांतील शंभरात सुमारे सत्तर माणसे अपात्र ठरल्यामुळे गेली नव्हती. अर्ज परत आला नाही, पत्ता जुना निघाला, कागद अपुरा पडला, अशा कारणांनी ती गेली. कित्येक राज्यांत तर यंत्राने संपूर्ण कुटुंबाचा एकच निवाडा केला आणि आईबाप अपात्र म्हणून पात्र मुलेही वगळली गेली; चूक उघडकीस आल्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये सुमारे ५ लाख लोकांचे, ज्यांत लहान मुलांचा भरणा मोठा होता, संरक्षण परत द्यावे लागले.

त्याच देशात या रोगावरचा उपायही सापडतो. तेथील नियमाप्रमाणे कचेरीने आधी आपल्याजवळच्या वेतनाच्या व इतर नोंदी पाहावयाच्या, आणि त्यांवरून माणूस पात्र दिसला तर त्याला अर्जही न मागता मुदत वाढवून द्यावयाची. ज्या राज्यांनी हे काम नीट केले, तेथे कागदाअभावी वगळली गेलेली माणसे कमी राहिली. परंतु ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या नव्या कायद्याने, २०२६ साल संपल्यावर, प्रौढ लाभार्थ्यांच्या एका मोठ्या वर्गाची तपासणी वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी करण्याचे ठरविले आहे. तपासण्या दुप्पट झाल्या म्हणजे कागदाअभावी निसटण्याचे प्रसंगही वाढणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

आपल्या बाजारातील एक प्रसंग सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या गाळ्यावर वीस वर्षे येणाऱ्या एका हमालास अंतर्गळाची शस्त्रक्रिया सांगितली गेली. कार्ड होते, योजनाही होती. परंतु आधारवर त्याचे नाव एक आणि शिधापत्रिकेत दुसरे. त्यातून पोती ओढून ओढून बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे यंत्र ठसा घेईना. रुग्णालयाच्या खिडकीवरून त्याला दोनदा परत पाठविण्यात आले. वेदना असह्य झाल्यावर त्याने शेकडा पाच व्याजाने कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेतली. नंतर आमचे दिवाणजी त्याच्याबरोबर गेले, तेव्हा नावाची दुरुस्ती आणि डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटविणे ही दोन्ही कामे आठवड्याच्या आत झाली. शुल्क शंभराच्या आसपास लागले. व्याज मात्र तो पुढे दीड वर्ष फेडीत होता. या गोष्टीत दुष्ट असा कोणीच नाही. खिडकीवरचा कारकून नियमाने वागला, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया नीट केली, शासनाने पैसे ठेवलेलेच होते. उणीव होती ती वेळेवर कागद तपासून पाहणाऱ्या एका माणसाची.

ते काम आपण सहज करू शकतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यासाठी पुढील सूचना संघापुढे नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना : प्रत्येक पेढीवर एक स्वतंत्र वही ठेवावी. तीत नोकर, मापाडी, नेहमीचे हमाल, धान्य चाळणाऱ्या व निवडणाऱ्या बाया, गाडीवान यांच्या कुटुंबातील प्रत्येकाचे नाव, शिधापत्रिकेत ते आहे की नाही, आधारवरील नावाशी जुळते की नाही, ई-केवायसी झाली की नाही, आरोग्य-कार्ड निघाले की नाही, एवढ्या नोंदी असाव्यात. कागदपत्रांचे क्रमांक मात्र लिहून ठेवू नयेत. ते ज्याचे त्याच्यापाशीच राहावेत.

दुसरी : ही वही वर्षातून दोनदा पाहावी. एकदा दिवाळीत, नव्या वह्या आणल्या जातात तेव्हा, आणि एकदा मार्चअखेर, जेव्हा आपण स्वतःच्या साऱ्या मुदती पाहत असतो. घरात सून आली, मूल जन्मले, वृद्ध निवर्तले, भाड्याची खोली बदलली, मोबाईलचा क्रमांक बदलला, हे त्या वेळी विचारून घ्यावे. बहुतेक नावे अशा बदलांतच गळतात.

तिसरी : संघाने बाजारातील प्रत्येक गल्लीसाठी एक शिकलेला तरुण नेमावा. आपल्या घरांतील कॉलेजात जाणारी मुले-मुली हे काम रविवारच्या दोन तासांत करू शकतील. अर्ज कसा भरावा, खिडकी कोणती, शिफारसपत्र कोठे मिळते, हे त्यांनी एकदा शिकून घ्यावे. हमाल बंधूंच्या संघटनेस या कामात बरोबरीने घ्यावे. आपण एकट्यांनी केले तर त्यात उपकाराचा वास येईल आणि माणसे मोकळेपणाने कागद दाखविणार नाहीत.

चौथी : यशस्विनीची वर्गणी ज्यांना मुदतीत भरणे कठीण जाते, त्यांना पेढीने ती उचल म्हणून द्यावी व हंगामात वळती करून घ्यावी.

पाचवी : ज्यांच्याकडे दहा माणसे आहेत, त्यांनी कामगार विम्याचा भरणा तारखेस व पूर्ण दिवसांचा करावा. ज्यांच्याकडे त्याहून कमी आहेत, त्यांनाही कामगारांच्या संमतीने स्वेच्छेने त्यात येण्याचा मार्ग संहितेत आहे. त्याचा विचार करावा.

यावर काही आक्षेप येतील. हे काम सरकारचे आहे, असे एक बंधू म्हणतील. ते खरेच आहे. अमेरिकेतील उदाहरणावरून जे सांगितले, त्याचा अर्थच असा की नोंदी तपासण्याचे ओझे कचेरीने घ्यावे, आणि ती मागणी संघाने शासनाकडे लेखी करावी. परंतु आग विझविणे नगरपालिकेचे काम आहे म्हणून शेजारी घागर घेऊन धावत नाही असे होत नाही. दुसरे बंधू म्हणतील की, अपात्र लोकही लाभ घेतात. त्यांचेही म्हणणे खोटे नाही, आणि त्यासाठी तपासणी हवीच. मात्र ज्याच्या घरी मोटार आहे त्याने बी.पी.एल. कार्ड जवळ ठेवू नये, ही गोष्ट आपण प्रथम आपल्या ओळखीच्यांना सांगावी. अपात्र माणूस आत राहिला तर खजिन्याचे नुकसान होते, आणि पात्र माणूस बाहेर पडला तर घर बुडते. तपासणी करताना हा फरक डोळ्यांआड होता कामा नये.

आपल्या समाजात औषधदानाची परंपरा मोठी आहे. दवाखान्यांना देणग्या देताना आपण कधी हात आखडता घेतलेला नाही. परंतु ज्याला पाच लाखांचा हक्क कायद्याने आधीच आहे, त्याच्या हाती आपण शस्त्रक्रियेनंतर पाच हजार ठेवतो, तेव्हा त्या दानाबरोबर एका चुकलेल्या मुदतीची भरपाईही आपण करीत असतो. त्यापेक्षा मुदत चुकू न देणे स्वस्त आहे, आणि त्यात घेणाऱ्याची मानही ताठ राहते.

वही उघडण्यास खर्च नाही. येत्या दिवाळीपर्यंत निदान प्रत्येक गल्लीतील एका पेढीने तरी ती उघडावी, आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत किती घरांचे कागद पुरे झाले याचा आकडा संघाच्या अहवालात छापला जावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.